मोटरहोमचं मळलेलं छप्पर: चढण्याआधी, चढल्यावर आणि उतरताना

मार्च संपत आला की अटलांटाच्या आसपास पाइनचा पराग उडायला लागतो. गाड्या, पायऱ्या, टपालपेटी, सगळ्यावर हळद शिंपडल्यासारखा पिवळा थर बसतो. आमचं मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घराशेजारी दोन मोठ्या पाइनांखाली उभं असतं, त्यामुळे पराग, राळ, सुया आणि पक्ष्यांची विष्ठा हे सगळंच त्याच्या वाट्याला येतं. जुनं मोटरहोम विकत घेतलं त्या पहिल्या वर्षी आम्ही त्याच्या भिंती तीनदा धुतल्या. धुतल्यावर पांढऱ्याशुभ्र दिसायच्या आणि पहिल्याच पावसात खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून पुन्हा काळे ओघळ उतरायचे. मळ भिंतीचा नव्हताच. तो वर साठून पाण्याबरोबर खाली येत होता.

तुम्ही पहिलंच मोटरहोम घेतलं असेल, विशेषतः वापरलेलं, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. सुट्टीत आठवडाभर भाड्याने घेणाऱ्यांनी छपराकडे वळूच नये. ते काम मालकाचं.

चढायचं आहे का, हे आधी ठरवा

छप्पर मळलं म्हणून ते आजच धुतलं पाहिजे असं नसतं. आठवडाभर थांबलं तर काही बिघडत नाही. पण साबणाच्या पाण्यात पाय सटकला तर खाली काँक्रीटचा ड्राइव्हवे असतो. साध्या व्हॅनचं छप्पर नऊ-दहा फुटांवर, आमच्यासारख्या क्लास सीचं (व्हॅनच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या मधल्या आकाराच्या गाडीचं) अकराच्या आसपास, आणि बसएवढ्या क्लास एचं बारा-तेरा फुटांपर्यंत जातं. म्हणून पहिला प्रश्न कोणता साबण हा नाही, वर जाण्याची गरज आहे का हा आहे.

बहुतेक वेळा नसते. साधा हिशेब करून पाहा. मोटरहोमची रुंदी साडेआठ फुटांच्या आत असते. म्हणजे छपराची मधली रेघ कोणत्याही कडेपासून फार तर सव्वाचार फुटांवर. रुंद पायरी आणि वर धरायला कठडा असलेली घडीची शिडी घ्यायची, डोकं आणि खांदे छपराच्या वर येतील इतक्याच पायऱ्या चढायच्या, आणि लांबी कमी-जास्त करता येणारा आठ फुटी दांड्याचा मऊ ब्रश वापरायचा. एका बाजूने अर्धं छप्पर, दुसऱ्या बाजूने उरलेलं. शिडी प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळा सरकवावी लागते आणि कंटाळा येतो, हे खरं. कंटाळा आला म्हणून शिडी न सरकवता बाजूला वाकू मात्र नका. पोट शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे. ते बाहेर गेलं की शिडीही जाते.

व्हॅनच्या छपरावर तर मी कोणालाच चढायला सांगणार नाही. तिथे जागा कमी आणि पंखे, पॅनेलं जास्त.

मग वर कधी जायचं? सांध्यांवरचं सीलंट, म्हणजे पाणी अडवणारा चिकट लेप, जवळून बघायचं असेल तेव्हा, किंवा एसीच्या मागे चिकटलेली राळ ब्रशला दाद देत नसेल तेव्हा. आम्ही वर्षातून एकदाच वर जातो. एरवी मे महिन्यात पराग संपल्यावर आणि नोव्हेंबरात पानं गळून झाल्यावर शिडीवरूनच धुतो.

ज्यांना चक्कर येते, गुडघे साथ देत नाहीत किंवा गुंगी आणणारी औषधं चालू आहेत, त्यांनी धुण्याची सेवा बोलवावी. घरी येऊन मोटरहोम धुणारे लोक मिळतात, बहुधा गाडीच्या लांबीच्या फुटावर पैसे घेतात. त्यात कमीपणा काही नाही.

आणि भारतातून आलेल्या आईवडिलांबद्दल. माझे बाबा राजापूरकडचे. दुसऱ्या वर्षी ते इथे होते आणि मी शिडी काढलेली पाहून लगेच म्हणाले, "अगं, तू खाली थांब. दर वैशाखात घराची कौलं मीच शाकारायचो." ते खरंच होतं. पण त्यांचं वय 71, अंगावर पाहुण्यांचा मर्यादित विमा, आणि इथल्या रुग्णालयाचा खर्च. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही शिडी धरा आणि मला सांगत राहा." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग शिडीपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी खालून सांगितलेली एक गोष्ट मी आजही पाळते: "पाय वाशावर पडला पाहिजे, कौलावर नाही." मोटरहोमलाही हे तंतोतंत लागू आहे. वरच्या कातडीखाली बहुधा पातळ प्लायवूड असतं आणि त्याखाली ठरावीक अंतरावर आडवे वासे. वजन वाशांवर गेलं पाहिजे.

तुमचं छप्पर कशाचं आहे

हे कळल्याशिवाय साबणाची बाटली उघडू नका. मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि त्याच पुस्तिकेत छप्पर चालण्याजोगं आहे की नाही हेही असतं. मागे कंपनीनेच बसवलेली शिडी असेल तर बहुधा चालता येतं, पण त्यावर विसंबू नका, पुस्तिका वाचा.

हाताला रबरासारखं मऊ लागत असेल तर ते ईपीडीएम (रबर) किंवा टीपीओ (रबरासारखं प्लास्टिक), लाकडावर चिकटवलेला पातळ पडदा. वापरलेल्या गाडीची पुस्तिका हरवलेली असेल तर एक युक्ती आहे: आतून छतातल्या पंख्याची प्लास्टिकची चौकट स्क्रू काढून उतरवा. कापलेल्या भोकाच्या काठाला छपराच्या पडद्याची कड दिसते. वर पांढरं आणि खालून काळं असेल तर ईपीडीएम. खालची बाजू काळी नसेल तर बहुधा टीपीओ. कडक, गुळगुळीत आणि चकाकणारं असेल तर फायबरग्लास. जुन्या गाड्यांना अॅल्युमिनियमचा पत्राही असतो. एअरस्ट्रीमसारख्या गोल पाठीच्या गाडीवर पाय ठेवण्याचा विचारही नको.

ईपीडीएमचे दोन शत्रू लक्षात ठेवा. एक, पेट्रोलियमपासून बनलेलं कोणतंही द्रावण: रॉकेलसारखे पदार्थ, डांबर काढायचे स्प्रे, पेट्रोलियम असलेली पॉलिशं. त्यांनी रबर फुगतं आणि खालच्या लाकडापासून सुटतं. दोन, संत्र्या-लिंबाच्या तेलाचे क्लीनर. बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं म्हणून लोक फसतात. भांडी घासायचा साधा पातळ साबण चारही प्रकारच्या छपरांना चालतो. मी डॉन वापरते: बारा-पंधरा लिटरच्या बादलीत दोन-तीन चमचे. फेस जास्त झाला तर घसरणंही जास्त.

ब्लीचला मी हात लावत नाही. कोणी लावणारच असेल तर एवढं तरी पाळा: ब्लीचमध्ये अमोनिया असलेला क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. दोन्हींतून विषारी वायू निघतो.

प्रेशर वॉशरही नको. ड्राइव्हवेसाठी घेतलेला असतो, हाताशी असतो, मोह होतो. त्याची धार सीलंटच्या कडेखाली शिरते आणि ती उचलते. छप्पर स्वच्छ दिसतं आणि पुढच्या पावसात छतातून पाणी झिरपतं. बागेची नळी आणि हातात दाबायची तोटी पुरते.

आदल्या दिवशी

जागा पाहा. बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये गाडी धुवायला मनाई असते, म्हणून आधी विचारा. घरी धूत असाल तर पाणी कुठे वाहतं ते पाहा. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातलं पाणी बहुतेक ठिकाणी प्रक्रिया न होता ओढ्यात जातं. आम्ही गाडी खडीवर घेतो, म्हणजे पाणी जमिनीतच मुरतं. वर विजेच्या तारा आहेत का तेही तेव्हाच बघा. शिडी, दांडा आणि तुम्ही, तिघांनीही तारांपासून किमान दहा फूट लांब राहायचं. ब्रशचा दांडा बहुधा अॅल्युमिनियमचा असतो, आणि पूर्ण उघडून उभा धरला तर तो कुठवर पोचतो याचा अंदाज खालून येत नाही.

हवा बघा. वारा असेल तर काम पुढे ढकला. कडक उन्हात साबण वाळून डाग पडतात, आणि पांढरं ओलं छप्पर डोळे दिपवतं. पहाटे दव असतं, त्यावर कोरड्या बुटानेही पाय सटकतो. दव वाळल्यानंतरची आणि ऊन चढण्याआधीची वेळ सगळ्यात बरी, किंवा सरळ ढगाळ दिवस.

सामानाची यादी मोठी नाही: मऊ झाडू, लांब दांड्याचा मऊ ब्रश, बादली, दोरी, नळी, सूती फडकी, दोन प्लायवूडच्या फळ्या किंवा बागकामाला वापरतात तशा गुडघ्याखालच्या जाड गाद्या, आणि रबरी तळव्याचे बूट. बुटांचे तळवे उलटे करून बघा. खाचेत अडकलेला एक खडा रबरी छपराला भोक पाडायला पुरेसा असतो. चपला नकोत, अनवाणीही नको.

शिडी लावण्याआधी गाडीची तयारी

हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, लेव्हलिंग जॅक (गाडी सपाट आणि स्थिर ठेवणारे पाय) असतील तर खाली टेकवा. गाडी स्प्रिंगांवर उभी असते आणि वर माणूस हलला की तीही हलते. हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं होतं.

बाहेरून गाडीला जोडलेली वीज तोडा, एसी आणि पंखे बंद करा, छतातली झाकणं आणि खिडक्या लावा. गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या खोल्या असतील आणि त्या बाहेर असतील तर त्यांच्या डोक्यावरच्या सुया आणि काटक्या आधी झाडा, मगच त्या आत घ्या, नाहीतर कचरा रबरी पट्टीत ओढला जातो आणि ती फाटते. बाहेरची छत्री, म्हणजे भिंतीला जोडलेलं सावलीचं कापड, गुंडाळून घ्या.

आता एक गोष्ट जी आम्ही चुकून चुकून शिकलो: छप्पर धुण्याआधी भिंती नळीने पूर्ण ओल्या करा. कोरड्या भिंतीवर वरून घाण पाणी ओघळलं की तिथेच वाळतं आणि मग ते घासून काढावं लागतं. खाली उभ्या माणसाचं अर्धं काम हेच, भिंती सतत ओल्या ठेवणं.

हो, खाली माणूस हवाच. एकट्याने हे काम करू नका. त्याच्याकडे फोन असावा आणि त्याने तुम्ही उतरेपर्यंत तिथून हलू नये.

शिडी

मागची जोडलेली शिडी पातळ भिंतीला बोल्टने धरलेली असते. तिच्यावर किंवा पुस्तिकेत वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. बोल्ट हलवून बघा. वापरलेल्या गाडीत ते सैल निघाले तर तिच्यावर पाय देऊ नका.

वेगळी शिडी घेणार असाल तर तिच्या वर्गाकडे बघा. टाइप टू 225 पौंड, टाइप वन 250, टाइप वन-ए 300. ही मर्यादा फक्त तुमच्या वजनाची नाही, त्यात बूट, अवजारं, हातातली वस्तू सगळं धरायचं. टेकवायची शिडी असेल तर चारास एक हे प्रमाण: वरचा टेकू 11 फुटांवर असेल तर खालचा पाय भिंतीपासून पावणेतीन फूट. वरचं टोक छपराच्या कडेपेक्षा तीन फूट वर गेलं पाहिजे, म्हणजे चढता-उतरताना धरायला काहीतरी राहतं. टोकांना फडकं किंवा फोम गुंडाळा. शिडी पन्हळीवर किंवा छत्रीच्या नळीवर टेकवू नका, ती दबते. गवतावर शिडीचा एक पाय हळूहळू रुततो, म्हणून खाली फळी घाला.

चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम शिडीवर हवेत. म्हणून हातात काहीही घेऊन चढू नका. बादली आणि नळी दोरीने वर ओढा.

वर गेल्यावर

उभं राहू नका. शिडीवरून आधी हात, मग गुडघे, आणि तसंच मध्यभागी सरका. फळ्या पसरून त्यांवरून सरका, म्हणजे वजन दोन-तीन वाशांवर विभागतं. कडेचा फूटभर पट्टा वर्ज्य समजा. झाकणं आणि बाथरूमवरचा पारदर्शक घुमट यांवर चुकूनही भार देऊ नका. उन्हाने त्यांचं प्लास्टिक इतकं ठिसूळ होतं की तळहात टेकला तरी तडकतं. सौर पॅनेलवर टेकू नका, त्यांच्या तारांना हात लावू नका. ऊन असेपर्यंत त्यांतून वीज येतच असते. तापलेल्या काचेवर थंड पाणीही मारू नका.

पायाखाली कुठे लिबलिबीत लागलं, दाबल्यावर खाली जातंय असं वाटलं, तर काम तिथेच थांबवा आणि आल्या वाटेने परत फिरा. खालचं लाकूड कुजलं आहे. धुणं दूर राहिलं, आता दुरुस्ती करणाऱ्याला बोलवायचं.

आधी कोरडं झाडून घ्या. सुया आणि पानं कडेला लोटू नका, पिशवीत भरा, नाहीतर पन्हळी तुंबतात. विष्ठा सुकी खरवडू नका, धूळ श्वासात जाते. ओलं फडकं टाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. राळेलाही तोच उपाय, कोमट साबणपाण्याचं फडकं. मग हलक्या हाताने, लागलंच तर प्लास्टिकची पट्टी. पातं किंवा तारेची घासणी नको.

धुवायला सुरुवात शिडीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला करा आणि शिडीकडे येत या. तीन-चार फुटांचा चौकोन भिजवा, घासा, लगेच धुवा, पुढे सरका. म्हणजे धुतलेल्या भागावर पुन्हा पाय ठेवावा लागत नाही आणि परतीची वाट कोरडी राहते. सरकताना मात्र आधी वळा, तोंड नेहमी ज्या दिशेला सरकता आहात तिकडे. घासता घासता मागे मागे जायचं नाही. मी एकदा तसं केलं आणि टाच एसीच्या कव्हरला लागली म्हणून थांबले. ते कव्हर दोन फूट इकडे-तिकडे असतं तर हा लेख वेगळा झाला असता. नळीची वळी पायाजवळ ठेवू नका, खालच्या माणसाला ती ताणून धरायला सांगा. एसीचं कव्हर, फ्रिजची वरची जाळी आणि नळकामाचे पाइप यांत धार सोडू नका, त्यांच्या भोवताली फडक्याने पुसा.

पांढरं पाणी

ईपीडीएमवाले इथे हमखास गोंधळतात. धुतलेलं पाणी दुधासारखं येतं, बोटाला खडूसारखी पूड लागते, आणि वाटतं अजून मळ आहे. तो मळ नव्हे. उन्हाने रबराचा वरचा थर हळूहळू पूड होऊन झडतो, ती त्याची प्रकृतीच आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत घासायचं ठरवलं तर तुम्ही छप्परच घासून पातळ करत राहाल. हिरवं-काळं गेलं, हाताला चिकट लागेनासं झालं की थांबा. भिंतींवर दिसणारे पांढरे ओघळ याच पुडीचे. टीपीओला किंवा फायबरग्लासला ही तक्रार सहसा नसते. फायबरग्लास जुनं होऊन निस्तेज झालं की त्यालाही पूड सुटते, पण त्याचा उपाय मेण लावून चकाकी आणणं हा आहे, आणि छपरावर मेण म्हणजे पुढच्या वेळी घसरगुंडी. आम्ही तरी लावलं नसतं.

पाणी निथळल्यावर

वर येण्याचं खरं फळ आता मिळतं. स्वच्छ छपरावर सीलंट स्पष्ट दिसतं. प्रत्येक झाकणाभोवती, अँटेनाच्या पायाशी, शिडीच्या बोल्टांजवळ आणि पुढच्या-मागच्या टोपीच्या (गाडीच्या टोकांना बसवलेल्या साच्याच्या भागाच्या) आडव्या सांध्यावर जा आणि फोटो काढा. फोन गळ्यात दोरीने अडकवलेला असू द्या. भेगा, उचललेली कड, सुईच्या टोकाएवढी भोकं बघा. एवढ्याशा भेगेतून शिरलेलं पाणी महिनोन् महिने प्लायवूडमध्ये मुरतं आणि आतल्या छतावर डाग दिसतो तेव्हा बराच भाग कुजलेला असतो.

भेग दिसली तरी त्याच दिवशी बुजवायची घाई नको. सीलंट पूर्ण कोरड्या पृष्ठभागावरच धरतं. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन वापरू नका. ते स्वतः सुटतं, आणि त्यावर पुढे दुसरं कोणतंच सीलंट नीट चिकटत नाही, आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं. छपराच्या प्रकाराला चालणारं, आपोआप पसरून सपाट होणारं सीलंट मोटरहोमच्या दुकानात मिळतं. आम्ही डायकोरचं वापरतो. उभ्या कडांना मात्र न पसरणारं घ्यावं लागतं, नाहीतर ते ओघळून खाली येतं.

उतरणं

चढण्यापेक्षा उतरणं अवघड, आणि तेव्हा माणूस दमलेला असतो. बूट ओले असतात. म्हणून आधी सामान दोरीने खाली सोडा, बुटांचे तळवे फडक्याने पुसा, पाच मिनिटं मध्यभागी बसा, पाणी प्या. मग खालच्याला हाक मारा, त्याने शिडी धरली की गुडघ्यांवर उलटं फिरा, पायाने पायरी चाचपा, आणि पूर्ण वजन दिल्याशिवाय हात सोडू नका.

खाली आल्यावर भिंती ताबडतोब साबणाने धुवा, वरून आलेलं पाणी वाळायच्या आत. पाणी तापवणाऱ्या हीटरच्या आणि आतली हवा तापवणाऱ्या फर्नेसच्या बाजूच्या जाळ्यांत पाणी मारू नका. पुढचा मोठा पाऊस पडून गेला की आत जा, वरची कपाटं उघडा आणि छताचे कोपरे टॉर्चने बघा, हातही फिरवा. ओलसर लागलं तर काढलेल्या फोटोंमध्ये त्याच जागेच्या वरचा सांधा शोधा.